सांधेदुखीचा उपचार: अंथरुणापासून हालचालीपर्यंत

सांधे दुखणाऱ्या माणसाला आज डॉक्टर चालायला, स्नायू बळकट करायला आणि वजन आटोक्यात ठेवायला सांगतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र ऱ्हुमॅटॉईड संधिवाताच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते अशा रोगाच्या) रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर ठेवणे आणि दुखरे सांधे पट्ट्यांनी बांधून स्थिर करणे हा प्रतिष्ठित उपचार होता. विश्रांतीने दाह ओसरतो, हे खरेच होते. पण त्या काळात स्नायू रोडावत आणि सांधे आखडत.

या उपचारामागे औषधांची वानवाही होती. १८९९ साली बाजारात आलेल्या अ‍ॅस्पिरिनने वेदना कमी होत, रोग थांबत नसे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे दाह शमवणारे संप्रेरक वापरले, तेव्हा जेमतेम हलू शकणारी रुग्ण काही दिवसांतच चालू लागली आणि दोनच वर्षांत या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसोनच्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ दिल्याने हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो, हे पुढे ध्यानात आले. रोगाची गतीच मंद करणारे मेथोट्रेक्सेट १९८० च्या दशकात रुळले, तर जैविक औषधे (सजीव पेशींच्या साहाय्याने बनवलेली) १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. तत्पूर्वी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा भरवशाचा केला होता.

माझ्या मते मात्र रोजच्या जगण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम शस्त्रक्रियागृहाबाहेर झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वयंव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो बहुधा स्वतः संधिवात असलेली सामान्य माणसेच घेत. चार वर्षांनंतर पाहणी केली तेव्हा सहभागींच्या वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि तेही शारीरिक अक्षमता थोडी वाढलेली असताना. कोणी किती व्यायाम केला, एवढ्यावरून या सुधारणेचा पुरेसा उलगडा होत नव्हता. ‘आपल्याला हे दुखणे सांभाळता येते’ हा विश्वास वाढण्याशी तिचा अधिक जवळचा संबंध दिसला. वेदना खोटी असते, असा याचा अर्थ मुळीच नाही.

हालचालीला शरीरशास्त्राचाही आधार आहे. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडताना आणि सुटताना सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. मांडीचे स्नायू सशक्त असले की गुडघ्याला आधार मिळतो, आणि गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल व्यक्तींच्या २००५ मधील एका अभ्यासात, एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे दिसले. जुन्या वैद्यांची विश्रांतीही पूर्णपणे बाद झालेली नाही: सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तेव्हा त्यावरचा ताण काही दिवस कमी करावा लागतो, आणि सूज अचानक येऊन सोबत तापही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.