सत्तरीनंतरचा फुफ्फुसाचा कॅन्सर : गोळी, केमो की दोन्ही?

ईजीएफआरचा (कॅन्सरच्या पेशींतल्या या जनुकात बदल, म्हणजे म्युटेशन, आहे का हे पाहणारा) रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. आजोबांना केमो नको, गोळीवर भागेल, असं सगळे धरून चालतात. अलीकडे मात्र पुण्यात याच रिपोर्टवर ‘गोळीसोबत केमोही देऊ’ असा सल्ला मिळू लागलाय. साताऱ्या-सोलापुराहून वडिलांना घेऊन आलेली, हडपसरला नाहीतर धनकवडीला नातेवाइकांकडे उतरलेली मुलं इथे गोंधळतात.

या सल्ल्यामागे पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे. सिसप्लॅटिनच्या केमोने आयुष्य थोडं वाढतं, हे १९९५ च्या सुमारास पक्कं झालं, पण त्या अभ्यासांत वयस्कर रुग्ण फारसे नव्हतेच. खास सत्तरीपुढच्यांसाठी आखलेला अभ्यास १९९९ मध्ये इटलीतून आला. व्हिनोरेलबिन हे एकच केमोचं औषध दिलेल्यांचं मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) २८ आठवडे भरलं, नुसती आधाराची शुश्रूषा मिळालेल्यांचं २१. फरक लहान होता, पण ‘या वयात केमो नकोच’ हे म्हणणं तिथे मोडलं. २००३ मध्ये दोन औषधांची जोडी एकट्या औषधापेक्षा सरस ठरली नाही आणि सत्तरीपुढे एकच औषध द्यायचं, असा पायंडा पडला. २०११ मध्ये फ्रान्समधून उलट निकाल आला. ७० ते ८९ वयाच्या ४५१ रुग्णांत कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीने मध्यम आयुर्मान ६.२ वरून १०.३ महिन्यांवर गेलं. त्याच अभ्यासात औषधांच्या त्रासानेच दगावणाऱ्यांचं प्रमाण १.३ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर गेलं, हा आकडा सांगताना अनेकदा गळतो.

गोळीची वाट वेगळी. जेफिटिनिब हे गोळीचं औषध २००२ मध्ये जपानमध्ये आलं, ते कुणाला लागू पडतं हे २००४ मध्ये ईजीएफआर म्युटेशन सापडल्यावर कळलं आणि २००९ पासून म्युटेशन असलेल्यांना पहिलं औषध म्हणून गोळीच, असं ठरत गेलं. वयस्करांना याचा मोठा फायदा झाला. जपानमधल्या ७५ वर्षांपुढच्या ३१ रुग्णांच्या अभ्यासात ७४ टक्क्यांची गाठ आकसली. अंथरुणाला खिळलेली माणसं गोळीवर उठून घरात हिंडू-फिरू लागल्याच्या नोंदी आहेत. केमोबद्दल असं कधी म्हणता आलं नव्हतं.

मग पुन्हा केमो कशाला? इथे मुंबईतल्या अभ्यासाकडे यावं लागतं. ३५० रुग्ण, निम्म्यांना फक्त जेफिटिनिब, निम्म्यांना सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची केमो. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. आयुष्यही वाढलं. जेनेरिक औषधांवर हे साधल्यामुळे आपल्याकडे त्याचं महत्त्व फार. पण गंभीर त्रास २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेला, आणि अभ्यासातले बहुसंख्य रुग्ण साठीच्या आतले होते. गोळी-केमोच्या जोडीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा, की गोळी थकल्यावर केमो देऊ म्हणून थांबलं, तर तोवर बऱ्याच रुग्णांची तब्येत इतकी ढासळते की केमोची वेळच येत नाही. म्हाताऱ्या माणसांत तर हे हमखास दिसतं. मुद्दा खरा आहे. तरीही पंचाहत्तरीच्या माणसाला तो जसाच्या तसा लावायला माझं मन घेत नाही.

त्याला कारण मूत्रपिंडं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, ४८ किलो वजनाचा पुरुष घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा) १.०, लॅबच्या कागदावर अगदी नॉर्मल. पण १४० मधून वय वजा करून त्याला वजनाने गुणलं आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागलं, की मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ४१ मिलिलिटरच निघते. ४५ च्या खाली पेमेट्रेक्सेड देऊ नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. वय लिहिलेलं असूनही हे गणित कुणी मांडलं नाही, तर केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर रक्तातल्या पेशींचे काउंट कोसळतात, तोंड येतं, जेवण तुटतं. २०१६ मध्ये फ्रान्समधल्याच एका अभ्यासात चालणं, स्मरण, खाणंपिणं, घरचा आधार असं सगळं तपासून उपचार ठरवले, तेव्हा आयुष्य वाढलं नाही, पण त्रास कमी झाला. माझ्या मते घरच्यांनी डॉक्टरांकडे हट्टाने मागायची तपासणी हीच.

आता वाद ओसिमर्टिनिब या नव्या गोळीवर आला आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात केमोसोबत मध्यम आयुर्मान ४७.५ महिने, एकट्या गोळीवर ३७.६. इथेही निम्म्याहून अधिक रुग्ण पासष्टीच्या आतलेच. भारतात जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात या गोळीवरचं सीमाशुल्क माफ झालं, त्याच वर्षी जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तरी महिन्याचा खर्च पेन्शनवर जगणाऱ्या घराला झेपणारा नाही, म्हणून जेफिटिनिब अजून टिकून आहे आणि मुंबईच्या अभ्यासातली जोडीही.