दोनशे मिलीच्या बाटलीनं अल्कली थांबत नाही

ऐरोलीत एका सोसायटीच्या टाकीचं काम चालू होतं. सुपरवायझरनं मिक्सरमध्ये वॉटरप्रूफिंगची बाटली रिकामी केली. म्हणाला, "आता अल्कलीची काळजी नको, साहेब!" नवी मुंबईतल्या साइटवर हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे.

सिमेंटमधली अल्कली, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, आणि खडीतली विशिष्ट सिलिका यांच्यातून जेल तयार होतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि काँक्रीटवर नकाशासारख्या भेगा पडतात. कॅलिफोर्नियात स्टँटन या अभियंत्यानं हे 1940 मध्ये दाखवलं. वॉटरप्रूफर फार तर ओल कमी करतो, जेलची रासायनिक क्रिया तो अडवत नाही.

अडवणारं रसायन आहे, ते लिथियम नायट्रेट. पण त्याचा हिशेब बघा. 1 किलो अल्कलीमागे 30 टक्क्यांचं द्रावण साधारण 4.6 लिटर लागतं. घनमीटरला 400 किलो सिमेंट आणि त्यात 0.6 टक्के अल्कली धरली, तर 11 लिटर झालं. पोत्याला 200 मिलीनं तुमचं वॉटरप्रूफर होतं जेमतेम 1.6 लिटर, तेही भलत्याच कामाचं! शिवाय लिथियम ओल्या मिश्रणातच घालावं लागतं. जुन्या स्लॅबवर फासलं तर ते फारसं आत उतरत नाही.

आपल्याकडे स्वस्त उपाय पोत्यातच असतो. पीपीसी या मिश्र सिमेंटात 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख असते, आणि ती पुरेशी असली की ही क्रिया बरीच आवरते. खडीची चाचणी मात्र आधी करून घ्या.

आणि हो, खाडीकाठच्या इमारतींत सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला, तर आधी गंजाचा संशय घ्या.