लॅब्राडूडलचे केस गळत नाहीत, मग जातात कुठे?

लॅब्राडूडलचं पिल्लू दाखवताना विकणारा आधी सांगतो, "याचे केस गळत नाहीत." हे अर्धंच खरं आहे.

लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडल (कुरळ्या केसांच्या पूडलचा मोठा प्रकार) यांचा हा संकर. अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेत वॉली कॉनरॉन यांनी १९८९ मध्ये तो केला. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली, त्यांतलं एकच नवऱ्याला चाललं. ॲलर्जी केसाची नसतेच. ती लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रथिनं लॅब्राडूडलमध्येही असतात. घरात कुणाला दमा असेल तर पिल्लाजवळ दोन-तीनदा तासभर बसून बघा, मगच पैसे मोजा.

पूडलच्या दाढी-मिशा ज्या जनुकामुळे येतात, त्याची एक प्रत पुरते. म्हणून लॅब्राडॉर आणि पूडलच्या पहिल्या पिढीची सगळी पिल्लं झिपरी दिसतात. अशी दोन झिपरी एकमेकांना लावली, तर सरासरी चारांतलं एक पिल्लू गुळगुळीत तोंडाचं निघतं आणि लॅब्राडॉरसारखे केस गाळतं. पूडलकडे झुकलेल्या पिल्लाचा केस जास्त काळ वाढत राहतो. तो सुटला तरी खाली पडत नाही, शेजारच्या कुरळ्या केसांत अडकतो. फरशी स्वच्छ राहते ती यामुळे. अंगावर मात्र जटा होतात, आणि आठ ते चौदा महिन्यांच्या वयात, पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्याचे येताना, सर्वांत जास्त.

वरवर ब्रश फिरवून भागत नाही. कुत्र्याला कुशीवर झोपवा. पायाच्या पंजापासून वर चढत एका हाताने केस उलटे धरा आणि त्वचेपासून एकेक पातळ थर स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) खाली सोडत जा. मग स्टीलचा कंगवा फिरवा. तो अडला, तिथे गाठ आहे. कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली हमखास सापडते. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं लागतात. घट्ट गाठ कात्रीने कापू नका: कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि कात्रीत तीच येते. तिथे ट्रिमर लावावा.

आंघोळ गाठी सोडवल्यावरच, कारण पाण्याने गाठ आवळते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे, म्हणजे टँकरच्या गावातही परवडतं. बोअरचं पाणी जड असलं की शाम्पू निघत नाही आणि खाज सुटते, म्हणून शाम्पू आधी पाण्यात पातळ करा. नंतर कानाची आतली बाजू कोरडी पुसा. लोंबता, केसाळ कान ओला राहिला की बुरशी धरते आणि आंबूस वास येतो.

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा लोक कुत्र्याला गोटा करून टाकतात. ते चूक आहे. उघडी कातडी भाजते. दोन-अडीच सेंटिमीटर केस ठेवा. कुत्रा उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. फिरवणं सकाळी सातच्या आत. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवून पाहा, चटका बसला तर परत फिरा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०४ च्या वर गेलं, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो वाफाळतो आणि वारा अडवतो.

दसऱ्यानंतर गवत वाळलं की कुसळं सुरू. कुसळाला उलटे काटे असतात, ते पुढेच सरकतं. बोटांच्या बेचक्यात शिरलं की कुत्रा पाय चाटत राहतो, कानात गेलं की एकाएकी डोकं झटकतो. बेचक्यातले केस आखूड ठेवा आणि माळावरून आल्यावर पंजे चाचपा. त्याच वेळी गोचीडही बघा. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल लावायचं नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात हिरड्यांवर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्तही येतं. भिंतीच्या भेगांत तिची अंडी असतात, म्हणून एकट्या कुत्र्यावर औषध लावून गोचीड हटत नाही.

खायला ज्वारीची भाकरी चालते, पण ती पोटभरीला. मुख्य अन्न अंडी, चिकन किंवा तयार खाद्य हवं. पिठलं नको, त्यातला कांदा-लसूण तांबड्या पेशी फोडतो.

संकर म्हणजे निरोगी, हा समज इथे अपुरा पडतो. खुब्याचा सांधा ढिला असणं आणि हळूहळू आंधळं करणारा दृष्टिपटलाचा आजार, हे दोष दोन्ही जातींत आहेत. म्हणून आई-बाप दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे आणि डोळ्यांच्या आजाराची जनुकीय चाचणी मागा. नुसतं रंगीत प्रमाणपत्र दाखवलं तर पिल्लू तिथेच ठेवून या.