१९१८च्या आधीच्या मतदार बायका

इंग्लंडमध्ये बायकांना पहिलं मत १९१८ साली मिळालं, हे वर्षानुवर्षं ठोकून सांगितलं जातं. ते फक्त पार्लमेंटपुरतं खरं, आणि तेही तिशी उलटलेल्यांना, अटींसह. नगरपालिकेत घरपट्टी भरणाऱ्या बायका १८६९पासूनच मत देत होत्या. मात्र १८७२मध्ये कोर्टाने विवाहितांना वगळलं. म्हणजे लग्न केलं की मत गेलं! १८९४च्या कायद्याने डिस्ट्रिक्ट कौन्सिलं, म्हणजे काउंटीहून लहान भागांच्या स्थानिक परिषदा, आली, तिथे विवाहितांनाही मत मिळालं आणि बायकांना उमेदवारीही करता येऊ लागली. बरो (शहर) आणि काउंटी (जिल्ह्यासारखा मोठा भाग) कौन्सिलांवर निवडून यायची दारं बायकांना १९०७मध्ये उघडली. पुढच्याच वर्षी डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन सफोकमधल्या ऑल्डबरच्या महापौर झाल्या. पार्लमेंटसाठी मत देणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. डिसेंबर १९१७मध्ये त्या वारल्या.