दायित्व विम्याचा दावा नाकारला गेल्यास तक्रार कोठे व कशी करावी: खान्देशातील व्यावसायिकांसाठी माहिती

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत जिनिंग, डाळ मिल किंवा केळी पिकवण्याचे केंद्र चालविणाऱ्याच्या आवारात बाहेरची व्यक्ती जखमी झाली आणि तिच्या भरपाईसाठी दायित्व विम्याखाली (दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई भरून देणारा विमा) केलेला दावा विमा कंपनीने फेटाळला, तर सर्वप्रथम नकाराचे लेखी पत्र मागून घ्यावे. त्या पत्रात नसलेले कारण कंपनीला पुढे सहसा मांडता येत नाही.

वाद अनेकदा जखमी व्यक्ती कोण, यावर अडतो. गाठी चढवताना पडलेला हमाल ठेकेदाराचा असला तरी तो विमाधारकाचाच कामगार असून पॉलिसीबाहेर आहे, अशी भूमिका कंपनी घेऊ शकते. तेव्हा ठेक्याचा करार, हजेरीपट आणि मजुरी कोणी चुकती केली याच्या नोंदी कामी येतात. अपवादाचे कलम (पॉलिसीत काय बसत नाही हे सांगणारे) लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. मात्र चार पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर तडजोड लिहून देण्याची आपल्याकडची रीत इथे अंगलट येते, कारण कंपनीच्या संमतीविना जबाबदारी कबूल करू नये, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. जखमी व्यक्तीने दावा लावल्यास समन्सची प्रत कंपनीला तत्काळ पाठवावी.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एकल मालकीचा व्यवसाय अथवा सूक्ष्म उद्योग असलेल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. दावा ५० लाख रुपयांपर्यंतचा असावा. शुल्क नाही. तोच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात असल्यास लोकपाल तक्रार घेत नाहीत.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. विमा धंद्यासाठी घेतला एवढ्यावरून तक्रार बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्स प्रकरणात स्पष्ट केले. आयोगाची आर्थिक मर्यादा भरलेल्या प्रीमियमवरून ठरते, विम्याच्या रकमेवरून नव्हे; प्रीमियम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर नोंदवता येते.

सोबत अटींसह संपूर्ण पॉलिसी, प्रीमियमची पावती, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), अपघाताची कंपनीला दिलेली सूचना, पोलीस पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे, सर्वेक्षकाचा अहवाल, नकारपत्र आणि शपथपत्र जोडावे. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे, आणि कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही.