‘अध्यादेश’ म्हणजे काय नव्हे: शब्दांच्या सीमारेषांची पार्श्वभूमी

डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की एरवी कागदोपत्री राहणारे शब्द चौकाचौकात ऐकू येऊ लागतात, आणि त्यांतला ‘अध्यादेश’ हमखास चुकीच्या जागी पडतो. एखाद्या विभागाने काढलेल्या शासन निर्णयाला, म्हणजे ‘जीआर’ला, सर्रास अध्यादेश म्हटले जाते. वास्तविक अध्यादेश राज्यपाल काढतात, तोही अधिवेशन चालू नसताना, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार. त्याला अधिनियमाइतकेच, म्हणजे विधिमंडळाने केलेल्या कायद्याइतकेच बळ असते, पण पुन्हा अधिवेशन सुरू झाल्यावर त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही, तर सहा आठवडे उलटताच तो निष्प्रभ होतो. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश असतो, आणि यांतले काहीही त्याला लागू नाही. हा फरक सांगितल्यावाचून अध्यादेशाची व्याख्या पुरी होत नाही. शेजारच्या शब्दापासून वेगळा काढून शब्दाचा अर्थ ठरवण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, व्याख्येला ‘लक्षण’ म्हणतात आणि लक्षण म्हणजे त्या वस्तूचा असाधारण धर्म, अर्थात जो तिच्यात सर्वत्र असतो आणि इतरत्र कुठेच नसतो. गाईचे लक्षण म्हणून शिंगे सांगितली तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. तांबूस रंग सांगितला तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. एकसंध खूर सांगितला तर तो कोणत्याच गाईला नसतो, हा असंभव. गळ्याखालची लोंबती पोळी, म्हणजे सास्ना, हे लक्षण मात्र टिकते. नागपूरकराने हीच कसोटी संत्र्यावर लावून पाहावी. ‘आंबटगोड लिंबूवर्गीय फळ’ म्हटले तर मोसंबी आत शिरते. ‘नागपूरकडे पिकणारे’ म्हटले तर दुसरीकडची संत्री बाहेर राहतात. सैल सुटणारी साल आणि सहज वेगळ्या होणाऱ्या फोडी सांगितल्या की मोसंबी बाजूला होते. तरीही किनो आणि इतर सैल सालीची फळे उरतातच, आणि त्यांच्यासाठी आणखी एक रेघ ओढावी लागते.

या विचाराला सर्वांत टोकाला नेले ते बौद्ध आचार्य दिङ्नागांनी, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकात. ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात त्यांनी अपोहाचा, म्हणजे वगळण्याचा, सिद्धांत मांडला. ‘गाय’ हा शब्द गोत्व नावाच्या कोणत्याही जातीचा, म्हणजे सर्व गाईंत समान असलेल्या गुणधर्माचा, बोध करून देत नाही, तर जे गाय नाही ते सारे वगळतो, आणि त्या वगळण्यातच त्याचा अर्थ असतो, असे त्यांचे म्हणणे होते. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्टांनी यावर घेतलेला आक्षेप मला आजही वजनदार वाटतो: गाय ठाऊक असल्याशिवाय ‘गाय नसलेले’ कसे ओळखावे? एका शब्दाचा अर्थ पाहायला गेलेला वाचक कोशात दुसऱ्या शब्दाकडे आणि तिथून परत पहिल्याकडे धाडला जातो, तेव्हा हाच पेच त्याच्या वाट्याला येतो. युरोपात १९१६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. भाषेतील शब्दाचे मूल्य भोवतालच्या शब्दांवरून ठरते, हा त्यांतला विचार दिङ्नागांच्या जवळचा आहे, मात्र त्याची वाट स्वतंत्र होती.

कोशकारांची परंपरा पुष्कळ काळ दुसऱ्या दिशेने चालली. अमरकोश हा जुना संस्कृत कोश प्रतिशब्दांचे गट देतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, दहा वर्गांत विभागून. दोन जवळच्या शब्दांत भेद करण्याची निकड कायद्याचा कारभार देशी भाषेत आणायची वेळ आली तेव्हा निर्माण झाली, आणि त्या कामाचे एक केंद्र नागपूर होते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या या राजधानीत स्वातंत्र्याच्या सुमारास कोशकार डॉ. रघुवीर यांनी पारिभाषिक शब्द घडवण्याचे मोठे काम केले. एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग आणि प्रत्यय लावायचे, म्हणजे नाते दिसते आणि भेदही टिकतो, ही त्यांची पद्धत: विधी, विधान, विधेयक, संविधान. हे शब्द जड आहेत, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खोटी नाही. पण ‘कायदा’ या एका शब्दात अधिनियम, नियम आणि विनियम कोंबले, तर कोणता विधिमंडळाने केला आणि कोणता त्या अधिनियमाखाली तयार झाला, हे शब्दावरून कळेनासे होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने मराठीसाठी हेच काम पुढे चालवले.

याच शहराने आणखी एक भेद पाहिला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘धर्म’ आणि ‘धम्म’ ही एकाच शब्दाची संस्कृत आणि पाली रूपे आहेत. व्युत्पत्तीने त्यांच्यात भेद निघत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो विचारपूर्वक घातला. १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म म्हणजे काय हे सांगितल्यावर लगेच धम्म काय नव्हे याचे विवेचन येते, मग सद्धम्माचे, म्हणजे खऱ्या धम्माचे. आणि पुढे धर्म ही वैयक्तिक बाब मानली जाते, धम्म मात्र मूलतः सामाजिक आहे, असा फरक केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा क्रमही असाच आहे. पहिल्या आठ प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. सर्व मनुष्यमात्र समान आहेत, हे नवव्या प्रतिज्ञेत येते.