कडब्याची पहाट आणि सिगारची पेटी

मराठवाड्यात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या पहाटे बांधतात. दुपारी हात लावला की पाल्याचा चुरा होतो आणि जनावरांच्या वाट्याला नुसती धाटं उरतात. पहाटे तोच पाला दहिवरानं मऊ पडलेला असतो. फाल्गुनातल्या दुपारी 35 अंशांना 20 टक्के आर्द्रता असलेली हवा पहाटे 18 अंशांवर उतरली, की आर्द्रता 50 च्या पुढे जाते. वाफ तेवढीच असते, पण गार हवेत ती कमी मावते, म्हणून टक्का वाढतो आणि वाळलेलं पान ओलावा ओढून घेतं.

सिगार म्हणजेही वाळलेली पानंच. तंबाखू शरीराला घातक आहे, यात शंका नाही. पण कुणी भेट दिलेली पेटी घरात टिकवायची तर कडब्याचाच नियम लागू होतो. लातूरच्या उन्हाळ्यात ती लोखंडी कपाटात ठेवली तर सगळ्यात आधी वरचं पातळ वेष्टन तडकतं. श्रावणात तीच पेटी उघडी राहिली तर पानं फुगतात, बुरशी धरते. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते.

बरेच जण पेटीत ओला स्पंज ठेवतात. बंद पेटीत साधं पाणी हवेला 100 टक्क्यांकडे नेत राहतं, त्याला थांबा नाही. मिठाचं तसं नसतं. मिठाचे आयन पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे मीठ पूर्ण विरघळलेलं नसेल तोवर त्यावरची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते, मग खोलीत 20 अंश असोत की 35. सिगारसाठी हे जरा जास्तच, पण हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, तपासायला यासारखी सोपी युक्ती नाही. मी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यावर थेंब थेंब पाणी सोडलं, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मग झाकण आणि यंत्र झिपच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवलं. सकाळी काटा 68 वर होता, म्हणजे यंत्र 7 नं कमी दाखवत होतं. पेटीत हवी ती आर्द्रता राखण्यासाठी 65 किंवा 69 टक्क्यांच्या तयार पुड्या मिळतात. त्या ओलावा देतातही आणि शोषतातही. आपल्याकडे वर्षातून दोन्हींची गरज पडते.

पेटीचं लाकूडही हेच काम संथपणे करतं. त्याला स्पॅनिश सीडार म्हणतात, पण ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. पण तेवढ्यावरून पेटीत निंबाचा पाला टाकू नका, तंबाखू वास लगेच घेते.

खरी काळजी उष्णतेची. वसमतच्या हळदीला भोकं पाडणारा भुंगेरा सिगारही पोखरतो आणि उबेत त्याची अंडी फुटतात. त्यावर उपाय म्हणजे सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, नंतर एक दिवस फ्रीजमध्ये ठेवायच्या. बाहेर काढल्यावर त्या खोलीइतक्या कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वेष्टनावर घाम धरतो.